हापशी, इंजिन आणि वडगावचा माग : यंत्रांची नाती ओळखायची कशी?

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी मागच्या सोप्यात दोन यंत्रमाग होते. आप्पा मागावर, आई कांड्या भरायला, आणि शाळेतून आलो की मी तुटलेला धागा जोडायला. प्रत्येक मागात दोन आडवे दांडे फिरायचे. वरचा जोरात, खालचा सावकाश. वरच्याचे दोन फेरे होईतोवर खालच्याचा एक. हे असं का, ते मी कधी विचारलं नव्हतं. मागाला असंच असतं, एवढंच ठाऊक.

दहावीनंतर उद्यमबागेत एका इंजिन-दुरुस्तीच्या शेडमध्ये कामाला लागलो. तिथल्या मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात एक उघडलेलं डिझेल इंजिन पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, “क्रँकच्या गिअरला जेवढे दात, त्याच्या बरोबर दुप्पट कॅमच्या गिअरला. का हाईत, सांग बघू?” इंजिनातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हटलं, “आमच्या मागाला पण असंच असतंय की, काका.” त्यांनी ते उडवून लावलं नाही. पुढच्या रविवारी सायकल काढून ते माग बघायला घरी आले.

त्या दिवशी मागाजवळ उकिडवं बसून त्यांनी जे समजावलं, ते असं. मागात वरचा दांडा एकदा फिरला की फणी एकदा कापडावर आपटते, म्हणजे एक आडवा धागा पडतो. पण तो धागा नेणारा धोटा एकदा डावीकडून उजवीकडे जातो आणि पुढच्या वेळी उजवीकडून डावीकडे. म्हणजे डाव्या बाजूच्या ठोक्याची पाळी दोन फेऱ्यांत एकदाच येते, उजव्या बाजूचंही तेच. म्हणून ठोका देणारे कॅम, म्हणजे एका बाजूला फुगवटा असलेल्या चकत्या, ज्या दांड्यावर बसवलेत, तो निम्म्या वेगानं फिरायला हवा. चार स्ट्रोकच्या इंजिनात हवा आत घेणं, दाबणं, जळणं आणि धूर बाहेर टाकणं ही चार कामं क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या वाकड्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत होतात. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. म्हणून कॅमचा दांडा निम्म्या वेगानं. एकात सूत, दुसऱ्यात डिझेल. पण क्रँक, कॅम आणि त्यांच्यामधलं दोनास एक हे गिअरचं नातं दोन्हीकडे तेच.

यंत्रांची वर्गवारी करायची तर ती कशी करायची, हा प्रश्न मला तेव्हापासून लागला. हा लेख त्याबद्दल आहे.

आपण सगळे नकळत यंत्रं वाटून टाकतो ती त्यांच्या कामावरून. शिवणयंत्र शिंप्याचं, माग विणकराचा, चरक गुऱ्हाळाचा, धातू तासणारं शेपर मशीन फिटरचं. ही वाटणी चुकीची नाही. बाजारात जाताना तीच उपयोगी पडते. जगभरातली पेटंट कार्यालयंही बऱ्याच अंशी तिच्यावरच चालतात. १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारानं पेटंटांचं एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण ठरवलं. त्यात ए पासून एच पर्यंत आठ मोठे विभाग आणि त्यांच्या पोटात हजारो कप्पे आहेत. विणकाम डी ०३ मध्ये, शिवण डी ०५ मध्ये, साखर सी १३ मध्ये, इंजिन एफ ०२ मध्ये, पंप एफ ०४ मध्ये. पण हे वर्गीकरण करणाऱ्यांनाही अडचण जाणवलेली दिसते. कारण त्यातच एफ १६ एच २१ नावाचा एक कप्पा आहे, जिथं नुसत्या दांड्या, तरफा आणि सरकते तुकडे यांच्या जुळण्या ठेवल्या आहेत. त्या कशासाठी वापरायच्या याचा तिथं संबंध नाही. म्हणजे यंत्राचा पत्ता दोन प्रकारे लिहिता येतो, एक ते काय करतं यावरून आणि दुसरा ते कशाचं बनलंय यावरून. दुसरा पत्ता शाळेत कुणी सांगत नाही. माझ्या मते शिकणाऱ्या पोराच्या हाती तोच आधी पडायला हवा.

हा दुसरा पत्ता नीट लिहायला शिकवलं फ्रान्झ रुलो या जर्मन प्राध्यापकानं, १८७५ मध्ये. त्याच्या आधी लोक यंत्राचा घटक म्हणून एकेक सुटा भाग धरत. चाक हा घटक, दांडा हा घटक. रुलोनं म्हटलं की सुट्या भागाला काही अर्थ नाही, घटक नेहमी जोडीनंच येतो. नुसता बोल्ट म्हणजे आटे पाडलेली सळई. नट आल्यावर ती काहीतरी करते. चाकाला धुरा हवा, पिस्टनला सिलिंडर हवा. दोन भाग एकमेकांना कशी हालचाल करू देतात आणि कशी करू देत नाहीत, ती जोडी म्हणजे यंत्राचा खरा मूळ घटक.

अशा जोड्या फार नाहीत. दाराची बिजागरी ही फिरती जोडी, टेबलाचा खण ही सरकती जोडी, नट-बोल्ट ही आट्यांची जोडी. एकमेकांत बसणारा गोळा आणि वाटी, म्हणजे आपल्या खुब्याचा सांधा, ही चौथी. सळई नळीत सरकतेही आणि फिरतेही, ही पाचवी. सपाट पृष्ठभागावर सपाट तुकडा हवा तसा सरकतो, ही सहावी. या सहा जोड्यांत दोन पृष्ठभाग एकमेकांना अंगभर चिकटून असतात. गिअरचे दात, कॅम यांच्यात मात्र स्पर्श एका रेघेपुरता किंवा ठिपक्यापुरता असतो. त्या जोड्या वेगळ्या धरतात, आणि म्हणूनच कॅमचं नाक झिजतं तसं बिजागरीचं होत नाही. झीज कुठं होणार हे यंत्राच्या नावावरून कळत नाही, जोडीवरून कळतं.

आता अंगणातली जुनी बिडाची हापशी घ्या. तिचे भाग मोजूया. एक, जमिनीत रोवलेला सांगाडा. दोन, त्याच्या डोक्यावर बसवलेली बोटभर झुलती पट्टी. तीन, हातात धरायचा दांडा, जो त्या पट्टीला अडकवलाय. चार, दांड्याच्या टोकाला लटकणारी आणि सांगाड्यात वर-खाली होणारी सळई. भाग चार. आता सांधे. सांगाडा-पट्टी फिरता, पट्टी-दांडा फिरता, दांडा-सळई फिरता, सळई-सांगाडा सरकता. तीन फिरते, एक सरकता.

इंजिन मोजूया. ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन. भाग चार. ब्लॉक-क्रँक फिरता, क्रँक-रॉड फिरता, रॉड-पिस्टन फिरता, पिस्टन-ब्लॉक सरकता. तीन फिरते, एक सरकता.

हीच चौकडी आहे. फरक आहे तो कुठला भाग जागेवर खिळवला यात. इंजिनात ब्लॉक खिळवलेला आणि पिस्टन हलतो. हापशीत पिस्टनची भूमिका जमिनीत रोवलेल्या सांगाड्याकडे आली, आणि इंजिनात जो ब्लॉक स्थिर होता त्याची जागा हलणाऱ्या सळईनं घेतली. कनेक्टिंग रॉड आक्रसून बोटभर पट्टी झाला. क्रँक पुरता फिरायचा सोडून हातातला दांडा झाला. इंजिनीअरिंगची मुलं याला चौकडीचं उलटापालट रूप म्हणून शिकतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मी ते पहिल्यांदा बोटं मोजून पाहिलं तेव्हा हापशीजवळून हललो नव्हतो, आई हाका मारत होती तरी.

अजून एक आहे. शेपर मशीन जिथं असेल त्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्याची बाजूची झाकण-पाटी काढायला सांगा. आत एक मोठं दातेरी चाक दिसेल, त्यावर एक पिन, पिनवर एक सरकता ठोकळा, आणि तो ठोकळा एका उभ्या खाच पाडलेल्या दांड्यात वर-खाली होताना दिसेल. सांगाडा, चाक, ठोकळा, खाचेचा दांडा. चाक सांगाड्यात फिरतं, ठोकळा पिनवर फिरतो, दांडा तळाशी फिरतो आणि ठोकळा खाचेत सरकतो. पुन्हा तीन फिरते, एक सरकता. इथं दोन्ही टोकांना फिरता सांधा असलेला भाग खिळवला. त्यामुळं एक नवीन गुण आला. हत्यार पुढं जाताना सावकाश कापतं आणि परत येताना झटकन येतं, रिकामा वेळ वाचतो. घटक तेच, पण बैठक बदलली की स्वभाव बदलतो.

इंजिन एफ ०२ मध्ये, हापशी एफ ०४ मध्ये, शेपर बी २३ मध्ये. तीन सख्खी भावंडं तीन वेगळ्या घरांत नांदतात.

चारही सांधे फिरते ठेवले तर दुसरं घराणं सुरू होतं. पायानं चालवायचं शिवणयंत्र बघा. सांगाडा, पायटा, उभी दांडी, चाक. पायटा नुसता डुलतो आणि चाक पूर्ण फिरतं. आमच्या मागात फणीची चौकट याच चौकडीवर होती, पण उलट दिशेनं. तिथं क्रँक पूर्ण फिरायचा आणि फणीची चौकट डुलायची. शिंप्याच्या यंत्रात पाय चाकाला चालवतो आणि मागात चाक फणीला चालवतं. आईचं शिवणयंत्र मागाच्या शेजारीच असायचं, हे तर मला कितीतरी वर्षांनी सुचलं.

अशी मुळाक्षरं शोधायचा नाद जुनाच. अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं पहिल्या शतकात पाच साधी यंत्रं सांगितली. तरफ, पाचर, स्क्रू, कप्पी आणि रहाट. उतरण त्यात पुढं कित्येक शतकांनी धरली गेली. स्वीडनच्या क्रिस्टोफर पोलहेमनं १७०० च्या आसपास लाकडाची छोटी छोटी चालती मॉडेलं करून घेतली आणि त्यांना यंत्रांची अक्षरं म्हटलं. हेरॉनच्या पाच यंत्रांना त्यानं स्वर मानलं, बाकीची व्यंजनं. स्वराशिवाय शब्द नाही तसं या पाचांतलं एखादं असल्याशिवाय यंत्र नाही, हा त्याचा विचार. आपल्या लिपीत तर व्यंजनाचा पाय मोडल्याशिवाय त्यातला स्वर निघतच नाही, त्यामुळं आपल्याला हे चटकन पटावं. रुलोचीही अशी मॉडेलं होती, लोखंड-पितळेची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं १८८२ मध्ये दोनशेहून जास्त मॉडेलं विकत घेतली आणि ती आजही तिथं आहेत. बेळगावजवळ मच्छेला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, आजूबाजूला इतकी कॉलेजं आणि आयटीआय आहेत. आपल्या फौंड्र्यांत ओतलेली अशी पन्नास मॉडेलं एका खोलीत मांडली, वर कन्नड-मराठी पाट्या लावल्या आणि मुलांना हातानं फिरवू दिली, तर ते काम फार खर्चाचं नाही.

सांध्यांची ही मोजणी पुढं गणितात गेली. सगळे सांधे फिरते ठेवायचे आणि एक भाग हलवला की बाकी सगळे ठरलेल्या रीतीनंच हलावेत, अशी अट घालायची. चार भागांची अशी मांडणी एकच. सहा भागांच्या दोन. आठ भागांच्या १६. दहा भागांच्या २३०. म्हणजे एकाही माणसानं अजून बनवलं नसेल असं यंत्रही कागदावर आधीच मोजून ठेवता येतं. मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये मूलद्रव्यांचं कोष्टक मांडताना रिकाम्या जागा सोडल्या होत्या आणि त्यांतल्या काही पुढं गॅलियम, जर्मेनियमनं भरल्या. हे त्याच जातीचं काम.

पण सगळं तंत्रज्ञान सांध्यांत मावत नाही. हापशीकडेच परत जाऊया. दांडा-सळईची चौकडी तुम्हाला हालचाल सांगते, पाणी वर का येतं ते सांगत नाही. पाणी येतं ते बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्याला दाबते म्हणून. समुद्रसपाटीला हवा साधारण १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलते. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, इथं हवा थोडी विरळ, म्हणून हा आकडा साडेनऊच्या आसपास येतो. गळती-घर्षण धरलं तर सातेक मीटरच्या खाली अंगणातली हापशी दम टाकते. मग सांधे कितीही नीट असोत. बोअरवर बसवतात त्या पंपात सिलिंडर खाली पाण्यातच सोडलेला असतो, त्यामुळं ओढायचं नसून ढकलायचं असतं आणि ती मर्यादा लागत नाही. म्हणून वर्गवारीला दुसरा थर लागतो. हालचालीच्या सांध्यांखाली निसर्गातली कोणती घटना कामाला लावली आहे, हा तो थर. ब्रायन आर्थर या अर्थशास्त्रज्ञानं हे विस्तारानं मांडलंय. त्याचं म्हणणं, प्रत्येक तंत्रज्ञान आधीच्या तंत्रज्ञानांच्या जुळणीतून बनतं आणि मुळाशी प्रत्येकानं कुठली तरी नैसर्गिक घटना जुंपलेली असते.

या थरावर नाती पुन्हा वेगळी दिसतात. आपल्याकडचं गुऱ्हाळ आणि साखर कारखाना घ्या. दोन्हीकडे सुरुवातीला रुळांमध्ये ऊस पिळायचा. दोन्हीकडे रसातली घाण वेगळी काढायची, गुऱ्हाळात चुना आणि भेंडीचा चिकट रस वापरून, कारखान्यात चुना आणि बहुतेक ठिकाणी गंधकाचा धूर वापरून. दोन्हीकडे चोयट्या-चिपाडच जाळायचं. दोन्हीकडे पाणी उडवायचं. इथवर घटक एकच. फरक पुढं. गुळव्या उघड्या काहिलीत पाक ११५ अंशांच्या पुढं नेतो, चटका बघतो, पाण्यात गोळी करून बघतो. कारखाना बंद भांड्यातली हवा काढून घेतो. दाब कमी झाला की रस कमी तापमानाला उकळतो, शेवटच्या पॅनमध्ये तर ७० अंशांच्या आसपास, म्हणून साखर करपत नाही. आणि एका भांड्यातून निघालेली वाफ फुकट न घालवता तिच्यावरच पुढचं, अजून कमी दाबाचं भांडं उकळतं. ही युक्ती न्यू ऑर्लिअन्सच्या नॉर्बर्ट रिलीनं १८४० च्या दशकात पेटंट केली. त्यानंतर राहतं ते मळी आणि दाणे वेगळे करणं. त्यासाठी गरगर फिरणारी जाळीची टोपली, जी घरातल्या वॉशिंग मशीनमध्ये कपडे पिळते तीच. म्हणजे गुऱ्हाळात दोन घटक मिळवले, कमी दाब आणि गरगर फिरणं, की कारखान्याकडं जाणारी वाट दिसते. गुळाला मागासलेला आणि साखरेला पुढारलेला म्हणण्यात मला अर्थ वाटत नाही. गुळात मळी आतच ठेवायची असते, म्हणून ते दोन घटक तिथं नाहीत.

घटक हेरून एका धंद्यातून दुसऱ्यात जाणं बेळगावला नवीन नाही. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. त्याच माणसानं पुढं कडबाकुट्टी केली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. सायकल आणि नांगर यांचा धंदा म्हणून काही संबंध नाही. पण मोठं चाक, त्याची धाव, धार लावलेली पाचर, नट-बोल्टनं बदलता येणारा फाळ, या हिशोबानं बघितलं की दुकानापासून कारखान्यापर्यंतची वाट मोकळी दिसते. किर्लोस्करवाडी १९१० ची, ती पुढची गोष्ट.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मूलद्रव्यांचं कोष्टक कधीतरी भरतं, तंत्रज्ञानाचं भरणार नाही. कारण इथं काल जे अख्खं यंत्र होतं ते आज दुसऱ्याचा घटक बनतं. विजेची मोटर एके काळी बघायला लोक जमत. आज ती मिक्सरमधला एक भाग आहे आणि मिक्सर घेणारा तिचं नावही घेत नाही. त्यामुळं घटकांची यादी करताना कुठं थांबायचं ते आपल्या कामावरून ठरवावं लागतं. मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला ब्रश-बेअरिंगपर्यंत उतरावं लागतं, वापरणाऱ्याला भांडं आणि पातं पुरे.

आता दर शनिवारी खानापूरकडची काही पोरं माझ्याकडं मोजायला येतात. मागच्या खेपेला एकानं शाळेच्या मैदानातल्या बोअरच्या पंपाचं चित्र आणलं. तो पंप म्हणजे इंडिया मार्क टू, सोलापुरात बनलेल्या पंपावरून सुधारत आलेला. त्यात झुलती पट्टी नाही. दांड्याच्या टोकाला गोलाईचा तुकडा आणि त्यावरून खाली उतरणारी साखळी, साखळीला सळई. पोरगा अडला होता. “सर, साखळी हा भाग धरायचा काय? ती तर लुळी हाय.” प्रश्न बरोबर होता. रुलोनंही याचा वेगळा विचार केला होता. दोर, पट्टा, साखळी फक्त ओढू शकतात, ढकलू शकत नाहीत. मग सळई खाली कशी जाते? स्वतःच्या वजनानं. म्हणून बोअर उथळ असेल तर सळया कमी लागतात, वजन पुरत नाही आणि साखळी ढिली पडते.

दुसरा पोरगा उसाच्या ट्रॉलीवर काम केलेला. तो म्हणाला, “जॅकचं उलटं हाय की हे.” आणि खरंच तसंच आहे. ट्रॉली उलटवणाऱ्या साध्या हायड्रॉलिक जॅकमध्ये तेल फक्त ढकलू शकतं, ओढू शकत नाही. ट्रॉली वर जाते तेलानं आणि खाली येते तिच्याच वजनानं. मी दोघांची चित्रं शेजारी शेजारी फळ्यावर काढली, बाणांच्या दिशा उलट केल्या, आणि उरलेला तास ती दोघंच बोलत होती.